भिकुबाईंच्या केळीतली टमाटी

"मना वावरमा तू काय पेरी दिनं रे भटू?" भिकुबाईंनी बांधावरूनच विचारलं.

भटूनं सायकल बाभळीला टेकवली. केळीच्या ओळींमध्ये गुडघाभर टमाट्याची रोपं माजली होती. पेरली कुणीच नव्हती.

भटू शहराच्या मैलापाण्याच्या टाक्यांवर बारा वर्षं पंप मेकॅनिक होता. टाकीतला गाळ वाळला की नाल्यात लोटायचा, अशी रीत. कृषी खात्याच्या साहेबांनी एकदा तो तपासला आणि म्हणाले, "यात भरपूर स्फुरद आहे, पिकाला मोठं खाद्य." तेव्हापासून भटूला तो लोटवेना. त्यानं रास लावली, गावोगाव फिरला. लोक नाक धरत. एरंडोलजवळच्या भिकुबाईंनीच तेवढा अर्ध्या केळीला घेतला. आता त्याही नको म्हणाल्या, तर उरलेली रास नाल्यात जाणार होती.

"टमाटानं बी पोटमा पचत नही, अक्का," भटू खाली मान घालून म्हणाला. "टाकीमा येस. तठेबी मरत नही."

"म्हन्जे ही बठ्ठी शहरनी टमाटी शे?"

त्यानं मान हलवली. भिकुबाई हसत हसत बांधावरच बसल्या. "मी शहरले केळी धाडस, अन शहर माले टमाटी धाडस!"

पुढच्या वर्षी गाळाच्या अर्ध्यातली केळी आधी निसवली. पहिला घड तिथलाच आला, हात पुरणार नाही एवढा. घरचा पहिला घड पद्मालयाच्या गणपतीला जायचा. शेजारच्या पुष्पाबाई कुजबुजल्या, "देवले हाऊ घड धाडशी का वं?"

"शेणखत काय अत्तर शे का?" भिकुबाई म्हणाल्या. "भटू, आवंदा बठ्ठी केळीले हाईच खत टाक. अन हाऊ घड तूच ली जाय."

भटूनं घड सायकलच्या कॅरियरला बांधला. रस्ताभर तो गुणगुणत होता. देवळाशी त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले. मैल्याचं काम म्हणून इतकी वर्षं त्याच्या हातून कुणी काही घेत नसे. तो वस्तू खाली ठेवी, लोक मग उचलत. सवयीनं तो घड फरशीवर ठेवायला वाकला.

पुजाऱ्यानं दोन्ही हात पुढे केले होते.

भटू वाकलेला तसाच सरळ झाला. घड जड होता. क्षणभर तो दोघांच्या हातांत होता.