मिटलेली दोन बोटं

छडी पोरीच्या करंगळीवर बसली तेव्हा फारसा आवाज झाला नाही. मागे उभ्या असलेल्या समूहगानाच्या मुलांनी मात्र एकदम खाली पाहिलं, जणू फरशीवर काही सांडलं होतं.

“ही दोन बोटं इथे लागत नाहीत,” विभागप्रमुख म्हणाले. “मिटून घे. पुन्हा.”

पोरीने उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याशी मिटलं आणि पियानोवर पुन्हा सुरुवात केली. पानं उलटायला शेजारी बसलेल्या बाईंनी पान उलटलं, डाव्या हाताने. उजवा हात सवयीप्रमाणे मांडीवर, रुमालाखाली होता.

विद्यापीठाच्या संगीत विभागात त्यांना साथवाल्या बाई म्हणत. गाणारे आले, गायले, मोठे झाले. बाई त्याच खुर्चीवर बसून सगळ्यांना साथ करत राहिल्या. गाणाऱ्याचं नाव होतं, साथवाल्याची पाठ दुखते, असं त्या म्हणायच्या. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागेसाठी त्यांनीच ही पोर शोधून आणली होती. नेमणूक मात्र उद्याच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमावर अडली होती. मोठ्या सरांची, म्हणजे विभागाच्या संस्थापकांची, प्रसिद्ध रचना पोरीने साथीला नीट वाजवली तर खुर्ची तिची.

आणि नीट म्हणजे आठ बोटांनी.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात जुने विद्यार्थी जमले होते. पोटं सुटलेले, केस रंगवलेले. त्यांना भूक होती ती आठवणींची. एका नामवंत गायकाने भुवई वर करून व्रण दाखवला. मोठ्या सरांनी फेकलेला मेट्रोनोम, तालाचे ठोके देणारं यंत्र. भुवईवर निभावलं, दोन बोटं खाली बसला असता तर आज तुम्हाला एकाच डोळ्याने ओळखलं असतं, म्हणाला. एका जाड्या बाईंना सरांनी जिन्यावरून ढकललं होतं. पडताना जो सूर लागला तो जन्मात परत लागला नाही, असं त्यांनी सांगितल्यावर हशा पिकला. कुणाचा दात, कुणाचं मनगट. लग्नातले दागिने दाखवावेत तसे एकमेकांना दाखवत होते. विभागाचा खरा इतिहास हाच, स्मरणिकेत काय छापायचं ते छापा, असंही कुणी म्हणालं.

त्यांच्याबरोबरचा एक बासरीवाला मात्र आला नव्हता. त्याच्या कानाखाली सरांची बसली होती आणि तो कान कायमचा गेला होता. त्याचा पत्ता मिळाला नाही म्हणे. पत्ता मिळत नाही तो नेहमी अशांचाच.

“बाई, तुम्हाला नाही का कधी प्रसाद मिळाला?” भुवईवाल्याने विचारलं.

“मी साथीला होते रे. साथीच्या माणसाला कोण मारतं?” बाई म्हणाल्या आणि चहा प्यायला आत गेल्या.

सगळ्यांना माहीत होतं ते असं: फार वर्षांपूर्वी तालमीत पियानोचं झाकण निसटलं आणि बाईंच्या उजव्या हातावर पडलं. डॉक्टरांनाही बाईंनी हेच सांगितलं. हाडं वाकडी जुळली आणि दोन बोटं तळव्याकडे मिटली ती मिटलीच.

घडलं होतं ते वेगळं. त्या दिवशी एक काटकुळा मुलगा गात होता. त्याचा आवाज कापायचा म्हणून पोरं त्याला थरथऱ्या म्हणत. वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. गाणारा घसरला की साथीने सावरायचं, हा विभागाचा पहिला नियम. बाई तेव्हा विशीतल्या होत्या, सावरायला अर्धा क्षण उशीर झाला. मोठे सर चालत आले. थरथऱ्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. सर त्याच्या शेजारून पुढे गेले, पियानोचं ते जड झाकण त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि आपटलं.

मग ते म्हणाले, “पुढे.”

कारण साथ थांबत नाही, हा विभागाचा दुसरा नियम. बाईंनी उरलेल्या बोटांनी वाजवलं. पांढऱ्या पट्ट्या लाल होऊन निसरड्या झाल्या. आणि थरथऱ्या शेवटपर्यंत गायला, एकदाही न कापता. तसा तो पुन्हा कधी गायला नाही. तोच आता विभागप्रमुख होता.

बाईंच्या शिंपी नवऱ्याने त्या आठवड्यात एकदाच विचारलं होतं, “झाकण आपोआप पडतं का गं?” बाईंनी हात पाठीमागे घेतला. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कपड्याला तो मोठाली बटणं लावत आला, एका हाताने लागतील अशी. शेजारणी हसायच्या, शिंप्याची बायको आणि बशीएवढी बटणं म्हणून.

विभागात मात्र त्या आठ बोटांचं सोनं झालं. बाईंनी सगळ्या साथी नव्याने बसवल्या. वरच्या दोन सुरांपर्यंत बोटं जिथे पोचत नव्हती तिथे जागा मोकळी सोडली. मोठ्या सरांना ते आवडलं. पाहुण्यांना ते सांगू लागले, ही आमच्या विभागाची शैली. पुढे त्यावर प्रबंध झाले. उद्याच्या स्मरणिकेतही विभागप्रमुखांचा लेख होता, मोकळ्या जागेच्या सौंदर्याबद्दल. धडधाकट हातांची पोरं वर्षानुवर्षं दोन बोटं मिटून वाजवायला शिकत होती, आणि ज्यांची उघडत त्यांना छडी मिळत होती.

या पोरीला मात्र बाईंनी घरी बसवून सगळी साथ शिकवली होती. झाकण पडण्याआधीची. हाताने वाजवता येत नव्हती, म्हणून तोंडाने गाऊन.

सुट्टीनंतर तालीम पुन्हा सुरू झाली. पोरीच्या करंगळीच्या सांध्यावर आता निळं चढलं होतं. तिने बोटं मिटली होती, पण त्या ओळीवर आल्यावर ती आपोआप उघडली आणि वरचे दोन सूर खणकन वाजले. मुलं गायची थांबली.

छडी लगेच आली, या वेळी आडवी, बोटांच्या पेरांवर. पोरीने ओठ चावला, तरी तोंडातून आवाज गेलाच. तिने हात पोटाशी घेतला.

“ऊठ,” विभागप्रमुख म्हणाले. “ऊठ तिथून. बघ, कसं वाजवायचं ते.”

ते खुर्चीवर बसले. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि दोन बोटं मिटली. नुसती मिटली नाहीत. करंगळी जराशी आत वळवली, शेजारचं बोट तिच्यावर तिरकं टेकवलं. अगदी तसंच.

बाईंना आपलाच हात दिसला. निरोगी, केसाळ, अंगठी घातलेल्या हातावर त्यांचा मोडलेला हात.

त्या उठल्या आणि त्यांनी पियानोचं झाकण धरलं.

विभागप्रमुखांचे हात पट्ट्यांवर होते. त्यांनी वर पाहिलं आणि ते थिजले. झाकण अर्ध्यावर आलं होतं.

“बाई, झाकण,” ते म्हणाले.

“हो. मीही त्या दिवशी एवढंच म्हटलं होतं.”

“बाई, मुलं आहेत.”

“तेव्हाही होती. हात काढू नकोस.” इतकी वर्षं त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सर म्हटलं होतं. “ती दोन बोटं का मिटायची, ते सांग त्यांना.”

“शैली आहे ती आपल्या—”

झाकण आणखी खाली आलं. बाईंच्या मनात आपटायची इच्छा नव्हती असं नाही. ती इच्छा त्यांनी इतकी वर्षं सांभाळली होती, आणि आता ती हाताच्या टोकाशी येऊन उभी होती. नुसतं सोडायचं होतं. झाकण निसटलं, असं डॉक्टरांना सांगता आलं असतं.

“थरथऱ्या,” त्या हळूच म्हणाल्या, “तू पाहिलंस रे.”

विभागप्रमुखांचा आवाज आला, कापरा, फाटलेला.

“सरांनी आपटलं. सूर माझा चुकला होता. यांची बोटं गेली.” मग ते म्हणाले, “शैली वगैरे काही नव्हतं.”

मागच्या रांगेतली एक मुलगी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

बाईंनी झाकण हळूच वर नेलं आणि टेकवलं. विभागप्रमुख उठून बाहेर गेले. छडी पियानोवरच राहिली. बाईंनी ती गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला, पण एका हाताने जमेना. पोर पुढे झाली, दुसरं टोक धरायला. दोघींनी मिळून मोडली.

“दुखतंय का?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मग चांगलं. दुखतंय म्हणजे शाबूत आहे.”

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. विभागप्रमुख व्यासपीठावर होते. त्यांच्या भाषणातून शैलीचा परिच्छेद वगळला होता, झाकणाचा उल्लेख मात्र नव्हता. मोठ्या सरांच्या तसबिरीला हार होता. पोर सुजलेल्या हाताने पियानोवर बसली होती. तिला उठवायला कुणी आलं नाही.

बाई शेवटच्या रांगेत नवऱ्याशेजारी बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या ही रचना श्रोत्यांच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या.

ती ओळ आली. पोरीने सगळी बोटं उघडली आणि वरचे दोन सूर स्वच्छ वाजले. पुढच्या रांगेत भुवईवाल्याने शेजारणीच्या कानाशी तोंड नेलं. जाड्या बाईंनी नाराजीने मान हलवली. पोरगी चुकली, एवढं त्या मानेतून मागेपर्यंत कळलं.

आणि बाईंनाही क्षणभर तसंच वाटलं. त्यांच्या कानांना ते सूर परके लागले. आपणच शिकवलेले, विशीत वाजवलेले सूर, आणि कान म्हणाला, चूक.

पोर वाजवत राहिली. बाईंनी डोळे मिटले. मांडीवरचा रुमाल सरकून खाली पडला होता. त्यांची तीन बोटं गुडघ्यावर साथीबरोबर हलत होती. राहिलेल्या दोन बोटांजवळ नवऱ्याने आपला हात नेला, आणि तिथे जेवढी जागा होती तेवढ्यात ठेवून दिला.