सलूहाचं वजन

अगं, ऐक तर आधी, मध्ये तोंड घालू नकोस. सलूहा सी मोंजींच्या पाठीला पाठ लावून मागे रेललीये, सी मोंजी (सी म्हणजे आपलं 'राव' गं) पुढे वाकलेत, हात मांड्यांवर, आणि खालून विचारतायत, "बाई, आलात का वर? मला तर तुमचं वजनच लागत नाहीये."

हॉलभर हशा. सलूहाच्या पायाचा एक अंगठा जमिनीलाच चिकटलेला.

बावन्न वर्षांची बाई. सरकारी इस्पितळात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं नर्स. नवरा गेलेला, मुलगा फ्रान्सला, ट्युनिसच्या त्या दोन खोल्यांत ती आणि टीव्ही. कुणीतरी सांगितलं की युवा केंद्रात शनिवारी दुपारी पाठदुखीचे व्यायाम घेतात, म्हणून गेली. बघते तर काय, माणसं एकमेकांवर रेलतायत, लोळतायत, पाठीवर चढतायत. ना गाणं, ना ठेका. कॉन्टॅक्ट नाच म्हणे. दुसरी असती तर पळाली असती. हिनं बूट काढले आणि भिंतीशी बसली.

आणि उचलण्यात तर काय वस्ताद! पहिल्याच दिवशी एका दांडग्या पोराच्या काखेत हात घातले, "एक, दोन, तीन" म्हणाली आणि उचललाच. शिकवणारी इनास हसून बेजार. "ताई, तो पेशंट नाहीये. पकडू नका त्याला. नुसती कंबर द्या. चढायचं तर तो चढेल, उतरायचं तर त्याचा तो उतरेल."

तीन महिन्यांत शिकली. मग काय, सगळ्यांना सलूहाच हवी, पण खाली. वर जायची वेळ आली की बाई आखडायची. पोट आत, श्वास बंद, ओंडका नुसता. वॉर्डात दिवसातून वीस वेळा सांगायची, "बाबा, अंग सैल सोडा." स्वतःला जमेना.

सी मोंजी पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. विधुर. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. तरणी पोरं तरण्यांना गाठायची, म्हणून हे दोघं उरायचे. बोलणं असं नाही. तिथे कुणी कुणाचं घरदार विचारत नाही. नाच संपला की उठायचं आणि जायचं.

तर त्या दिवशी, अंगठा चिकटलेला असताना, इनास म्हणाली, "पाय उचलू नका ताई. आधी वजन द्या, पाय आपोआप सुटतात."

"मी जड आहे हो," सलूहा म्हणाली.

"मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय," सी मोंजी खालून म्हणाले. "या तुम्ही."

तिनं श्वास सोडला. म्हणजे सोडला नाही, सुटला. मान मागे पडली, हात लोंबले, अंगठा कधी सुटला कळलंच नाही. वर पंखा. खाली त्यांचा श्वास, तिच्या पाठीतून आत येणारा, बाहेर जाणारा. तो तिला हलवत होता, गं. रोज ती दहा जणांना हात लावते. तिला कुणी हात लावून किती वर्षं झाली होती?

"आता लागताय, बाई," सी मोंजी म्हणाले.

तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांत चाललेलं. खाली उतरली, बूट घातले, नाड्या तशाच, गुडघ्यांचे पट्टे तिथेच, आणि निघून गेली.

पुढच्या शनिवारी गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मोजे पिशवीत भरायची आणि पलंगावर बसून राहायची. परत गेले आणि तसं नाहीच झालं तर?

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, वॉर्डात ती आणि तिच्या जोडीची नर्स बेया एका आजोबांना कुशीवर वळवत होत्या. दारात सी मोंजी. इस्त्रीचा कोट, हातात पिशवी. ती नर्स आहे एवढंच ठाऊक, इस्पितळं किती पालथी घातली असतील, देव जाणे.

"बाई, तुमचे गुडघ्यांचे पट्टे राहिले होते." पिशवी पुढे केली. "बऱ्या आहात ना?"

बेयाचे कान टवकारले. "कोण गं हे?"

आता काय सांगायचं? दर शनिवारी मी यांच्या पाठीवर झोपते? बेयाला सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांना सांगणं.

"कुणाचे तरी नातेवाईक," सलूहा म्हणाली. आणि त्यांच्याकडे वळून, रोज जमादारासारख्या आवाजात सगळ्यांना सांगते तसंच, "भेटायची वेळ एकची. आत यायचं नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हात छातीला लावला. "चुकलं, सिस्टर." पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गेले.

"म्हातारा टापटीप आहे हां," बेया म्हणाली. "कुणाचा असेल?"

"मला काय ठाऊक. तू चादर ओढ."

मग तिची जेवणाची सुट्टी झाली. वीस मिनिटं. टूना मासा भरलेला पाव हातात घेऊन ती खिडकीशी आली, तर खाली रस्त्यावर मेट्रोच्या, म्हणजे तिथल्या ट्रामच्या, थांब्यावर सी मोंजी. मेट्रो आली, माणसं चढली, मेट्रो गेली. हे तिथेच. दुसरी आली. तीही गेली. एकदा त्यांनी वर पाहिलं, पण भलत्याच खिडकीकडे. त्यांना कुठे माहीत तिची खिडकी कुठली.

दोन जिने उतरायचे फक्त. बेया समोर बसून संत्रं सोलत होती. तिसरी मेट्रो वळणावर दिसायला लागली, आणि सलूहाच्या सुट्टीतली अजून अकरा मिनिटं उरली होती.

तू असतीस तर काय केलं असतंस?