लाल पाण्याचा न्याय

कल्याणात शेणाळे तळ्याच्या काठी नाथाबुवांनी मांडव टाकला आणि दर मंगळवारी बायकांची झुंबड उडू लागली. बायकांमागे नवरे, नवऱ्यांमागे रिकामटेकडे. बुवा बाईच्या तळहाताला भंडारा फासायचे आणि वर तीर्थाची धार धरायचे. हात पिवळाच राहिला तर देवीची कृपा. हातावर रक्त उतरलं तर करणी! मग बुवांचे डोळे फिरायचे, जटा सुटायच्या आणि देवी बोलू लागायची, तीही बुवांच्याच गेंगाण्या आवाजात.

आवडाबाईंच्या हातावर रक्त उतरलं तेव्हा मांडवात किंकाळी उठली.

आवडाबाईंची पंचेचाळिशी उलटलेली. वर्षभर त्यांच्या पाळीचं तंत्रच बिघडलं होतं. दोन-दोन महिने काही नाही, मग आली की थांबायचं नाव नाही. मधेच अंगातून वाफा निघायच्या, घामानं चोळी भिजायची. गेल्या खेपेला तर इतकं अंगावरून गेलं, की चुलीपुढून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. यजमान भाऊ मुनसफाच्या कचेरीत कारकून. वकील साक्षीदाराला उलटेसुलटे प्रश्न कसे विचारतात ते रोज पाहणारे. पण बुवांना एक प्रश्न विचारायची छाती होईना.

"कोणीतरी हिचं रक्त अडवतंय, कोणीतरी सोडतंय!" बुवा घुमले. "पांढऱ्या कपाळाची! हिच्या चुलीपर्यंत येणारी!"

अशी एकच होती, शेवंती. मूळची कोलशेतची, नवरा खाडीत बुडाल्यापासून भाऊंच्या परसातल्या खोलीत राहायची. आवडाबाई अंथरुणाला खिळल्या की त्यांचं सगळं तीच करायची. देवीला तिचं वर्णन बिनचूक ठाऊक होतं, कारण भाऊंनी आदल्याच आठवड्यात बुवांच्या चेल्यापाशी घरची सगळी रामकहाणी ओकली होती.

त्या दिवसापासून शेवंतीला विहिरीत पोहरा टाकू देईनात. एकीनं तर दगड भिरकावला. तिच्या कपाळाला खोक पडली. "मी काय केलाय गो बाय?" एवढंच ती विचारत राहिली. पुढच्या मंगळवारी तिच्याही हातावर तीर्थ धरायचं आणि रक्त उतरलं की गावाबाहेर हाकलायचं, असं ठरलं.

त्याच सुमारास आवडाबाईंची मामेबहीण द्वारका मुंबईहून आगगाडीनं आली. बायका तेव्हा नुकत्याच डॉक्टरकी शिकू लागल्या होत्या. ती त्यांतली एक. तिनं आवडाबाईंना नीट तपासलं आणि भाऊंना बाहेर पाठवून जवळ बसली.

"आवडे, तुझी पाळी जायची वेळ आलीय. जाताना ती अशीच जाते. कधी दडी मारते, कधी धो धो येते. यात कुणाचा हात नाही."

"मग ही चक्कर, हा अशक्तपणा?"

"रक्त फार गेलंय. लोहाचं औषध देते. पण इतकं गेलं तर अंगावर काढायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. आणि वर्षभर बंद राहून पुन्हा नुसता डाग जरी दिसला, तरी मला लगेच कळवायचं."

"आणि माझ्या हातावरचं रक्त?"

द्वारकेनं पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला. चुना तळाशी बसल्यावर वरची निवळी फुलपात्रात घेतली. दिसायला साधं पाणी. आवडाबाईंच्या हळद लावलेल्या हातावर त्या निवळीची धार पडली मात्र, हात लालभडक! आवडाबाई आधी बघतच राहिल्या. मग शेवंतीची खोक आठवून रडल्या.

मंगळवारी मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्ये शेवंती उभी. बुवांच्या उजवीकडे एक तांब्या, डावीकडे पाटाआड दुसरा. बुवांनी डावीकडचा उचलला.

"थांबा," आवडाबाई पुढे झाल्या. "करणी माझ्यावर झालीय ना? मग धार मीच धरते."

बुवा सावरायच्या आत त्यांनी तांब्या हिसकावला आणि बुवांच्या भंडारा माखलेल्या छातीवर रिता केला. छाती रक्तासारखी लाल झाली.

"आता सांगा बुवा," आवडाबाई म्हणाल्या, "तुमची पाळी कोणी अडवलीय?"

मग एक म्हातारी खुदकली आणि सगळा मांडव हसण्यानं हादरला. द्वारकेनं उजवीकडच्या तांब्याची धार शेवंतीच्या हळदीच्या हातावर धरली. हात पिवळाच राहिला. "त्या डावीकडच्या तांब्यात चुन्याची निवळी होती," ती ओरडून म्हणाली. "घरी जाऊन करून बघा!" बुवांनी जटा गोळा केल्या आणि विठ्ठलवाडीच्या वाटेनं अशी धूम ठोकली, की देवीही मागे राहिली असावी.

"माझी पाळी चाललीय," आवडाबाई सगळ्या पुरुषांदेखत म्हणाल्या. "वयानं चाललीय. त्यापायी या पोरीचं डोकं फोडलंत."

भाऊंनी शेवंतीपुढे हात जोडले. ती म्हणाली, "हात नका जोडू भाऊ. विहिरीवर चला, तिथं सगळ्यांसमोर सांगा, मी काय केला नाय म्हणून." भाऊ गेले, आणि त्यांनी सांगितलं.

बायांनो, पाळी येते तशी जातेही, आणि जाताना थोडी धांदल करते. त्रास फार झाला तर डॉक्टरकडे जा, बुवाकडे नको. आणि पुरुषहो, तुम्ही निदान एवढं करा: तीर्थाला हात जोडण्याआधी तांब्यात डोकावून बघा.