निवट्याची साक्ष

मी निवटा बोलतोय. वाशीच्या खाडीतला, चिखलावर चालणारा मासा! सगळ्या सृष्टीचं कोडं मीच सोडवणार, असं पुस्तकात छापून येणार आहे. खरं सांगू? मला माझ्या बरणीचं झाकणही उघडता येत नाही. शिक्षण दहावी, तेही दरवर्षी त्याच वर्गात.

अठ्ठ्याहत्तर साली बायजा कोळणीने मला बिळात हात घालून ओढलं नि टोपलीत टाकलं. जीवशास्त्राचे नंदकुमार सर आले, म्हणाले, "एकच द्या."

"येकच? येका निवट्याचं कालवन करतस काय मास्तर?"

"शाळेत ठेवायचाय, शिकवायला."

"शिकून काय ब्यांकेत लागनार हाय तो?"

बाकीच्यांचं कालवण झालं. मी फॉर्मलिनमध्ये टिकलो. ह्याला नशीब म्हणतात म्हणे.

सर दरवर्षी मला टेबलावर ठेवायचे. आधी धडा नीट लिहून द्यायचे, की मासे हळूहळू जमिनीवर आले, जीव बदलत गेले. मग पुस्तक मिटायचे. "परीक्षेत हे लिहा, नाहीतर मार्क जातील. पण डोक्यात ठेवा, ह्याला कुणीतरी योजून घडवलंय." मी दोन्ही पक्षांचा साक्षीदार. साक्ष मात्र कुणी घेतली नाही.

मग सर पुस्तक लिहायला लागले. त्यांचं अक्षर म्हणजे खेकड्याची चाल, म्हणून त्यांची बायको, चारुलताबाई, ते सांगतील तसं लिहून घ्यायच्या. चित्रासाठी मला घरी आणलं. तिथे त्यांची तीन वर्षांची मुलगी नंदिनी बरणीला नाक लावून मला वेडावायची. मीही वेडावलं असतं, पण माझं तोंड आधीच वासलेलं! तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. जिना चढली की ओठ निळे पडायचे. गणपतीनंतर ती दिसलीच नाही. काचेवरचा तिच्या नाकाचा ठसा बाई कुणाला पुसू देत नाहीत.

काल सर शेवटचं प्रकरण सांगत होते. "निवट्याचे डोळे पाहा. ते ओले राहावेत म्हणून खाली पाण्याची खोबण. घडवणाऱ्याच्या हातून चूक होत नाही."

बाईंचं पेन थांबलं. "अहो, शेवटचं वाक्य मी नाही लिहिणार."

"चारू, अख्खं पुस्तक त्याच्यावर उभंय. आणि ते खोटं असेल, तर आपली नंदू कुणाकडे गेली म्हणू मी?"

मायबापहो, त्या वेळी तरी मला कुणीतरी उचलून कपाटात ठेवायला हवं होतं. वासलेल्या तोंडाने मी सगळं बघत राहिलो. बाईंनी ठसा सांभाळत माझी बरणी सरांकडे फिरवली.

"ह्याचे डोळे ओले ठेवायचं लक्षात राहिलं त्याच्या. मग तिच्या काळजातलं भोक तेवढं बुजवायचं कसं राहिलं हो?"