पोथीच्या ठवणीवर नवी कादंबरी

मित्रांनो, ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी रायपूरच्या तात्यापाऱ्यात, एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत, मला माझं काम पुन्हा मिळालं. मी एक जुनी ठवणी आहे. पोथी वाचताना ती हातात धरावी लागू नये म्हणून समोर लाकडाची घडीची घोडी मांडतात ना, तीच मी.

माझं माहेर आर्वीचं. तिथल्या एका सुतारानं सागाच्या एकाच फळीतून मला कोरून काढलं. माझ्या अंगात खिळा नाही, सरस नाही. उघडली की फुली, मिटली की पुन्हा फळी. या घरच्या कौमुदीबाईंच्या लग्नात मी रुखवतात करंज्यांच्या शेजारी मांडलेली होते. वऱ्हाडातल्या बायका मला उघडून मिटून बघत आणि "कसं केलं असन वो हे!" म्हणत. त्या कौतुकानं मी फुगले होते, हे कबूल करते.

रायपूरला आल्यावर श्रावण म्हणजे माझा महिना. कौमुदीबाई न्हाऊन मला ओल्या फडक्यानं पुसत आणि पोथी माझ्यावर ठेवत. त्यांची वाचायची एक चाल होती, संथ आणि सारखी. गल्लीतल्या बायका ऐकायला येऊन बसत. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्याही येत, कारण पोथी वाचणारीला जे पुण्य तेच ऐकणारीला, असं तेव्हा सगळेच मानत.

पुढे बाईंचे गुडघे धरले. मोबाइलवर कुणीतरी गोड गळ्यानं सगळी पोथी वाचून दाखवू लागलं. मला कपाटावर ठेवलं आणि हिंदीतच वाढलेल्या सूनबाई रूपालीनं माझ्यावर वायफायचा डबा बसवला. तो डबा रात्रंदिवस हिरवे दिवे मिचकावत असे. त्याच्यावर माझा राग नाही, तोही बिचारा कामच करत होता. पण अक्षरांची सवय असलेल्या लाकडाला ते बरं वाटत नसे.

कौमुदीबाईंचे यजमान नरहरी हे रायपूरजवळच्या उरला इथल्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. जन्मभर धूळ आणि पाळ्या यांतून वेळ चोरून ते कादंबऱ्या वाचत. निवृत्तीनंतर त्यांनी आणि त्यांच्या मराठी मित्रांनी एक संकल्प सुरू केला होता. दरवर्षी बारा कादंबऱ्या वाचायच्या, त्याही नव्या, गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेल्या. शिकायला नाही, परीक्षेला नाही, निव्वळ मजेसाठी. पुस्तकं नागपूरहून टपालानं येत. डिसेंबरात सगळे जमत, गोष्टी सांगत, एकमेकांची उलटतपासणी घेत. संकल्प पुरा करणाऱ्याचं नाव बाबाराव मोठ्यानं पुकारत. बाबाराव म्हणजे नरहरींचे मिलमधले सोबती आणि या मंडळींचे स्वतःच नेमलेले अध्यक्ष.

त्या जूनमध्ये नरहरींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तोंडातून नुसतं "आं, आं" निघे. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, त्यांच्याशी बोलत राहा. पण नरहरी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मित्र आले की डोळे मिटून घेत. अर्धी वाचलेली कादंबरी मात्र ते उशाशी ठेवू देत. कुणी उचलली तर डाव्या हातानं ओढून घेत.

एका सकाळी कौमुदीबाईंनी तो डबा खाली उतरवला, मला पुसलं आणि पलंगावर नरहरींच्या पुढ्यात मांडून वर कादंबरी उघडली. नरहरींनी खूप वेळ पानाकडे पाहिलं. मग पुस्तक ढकलून दिलं. अक्षरं हलत असावीत. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पायावर पडलं.

"थांबा, मी वाचते," बाई म्हणाल्या.

आता गंमत ऐका. बाईंनी जन्मात मोठ्यानं वाचलं होतं ते फक्त पोथीतलं. त्यांनी पुस्तकाला नमस्कार केला आणि त्याच संथ चालीत कादंबरी सुरू केली. त्या पानावर एका सावकाराचा खून होत होता. नरहरींनी मान वळवली ती भिंतीकडेच. दारात उभी असलेली रूपाली पदरात हसू लागली.

"आई, मर्डर हुआ है उसमें, और आप आरती जैसा पढ़ रही हो!"

"मंग कसं वाचू?"

"जैसे पड़ोसवाली का झगड़ा सुनाती हो, वैसे."

बाई जरा लाजल्या. मग त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. या खेपेला सावकाराची बायको थेट आर्वीची झाली. "काहून वो, मले काय भित्री समजून राहिला का तू?" असं त्यांनी पदरचंच एक वाक्य घुसवलं, आणि भिंतीकडून खुसखुस आवाज आला. नरहरी हसत होते. तोंड वाकडं होतं, पण हसू सरळ होतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी वाचन. नरहरी डावा हात माझ्यावर ठेवत. एक टिचकी म्हणजे चालू दे, दोन म्हणजे ते पुन्हा वाच. जेवणही नीट जाऊ लागलं, कारण बाईंनी दम दिला होता, "पोळी संपली नाही, तं पुढचं पान नाही."

दसऱ्याच्या सुमारास बाबाराव आले. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, यंदा नरहरीचं नाव काढून टाकतो. मनाला लावून घेऊ नका. पण आयकणं म्हणजे वाचणं नाही नं."

नरहरींचा हात माझ्यावर होता. तो त्यांनी ओढून घेतला.

कौमुदीबाईंनी कप खाली ठेवला. "भाऊजी, तुमची आई आमच्या इथं पोथी आयकाले येत होती. अक्षर येत होतं का त्यायले?"

"नाही."

"मंग त्यायचं पारायण झालं नाही म्हणता? जाऊन सांगता का तसं वर?"

बाबाराव कानापर्यंत लाल झाले. "अवो वहिनी, पोथीची गोष्ट वेगळी!"

"काहून वेगळी? श्रवणाचं पुण्य पोथीले आहे, मंग कादंबरीले का नसावं?"

"बरं बाप्पा. डिसेंबरात बघू. पण गोष्ट त्याले समजली हे दिसलं पाहिजे. नाही तं नियम म्हणून काही राहत नाही."

बाबाराव गेले. नरहरींनी त्या संध्याकाळी ताट परत पाठवलं. जो माणूस बोलू शकत नाही, त्याला गोष्ट समजली हे दिसणार कसं? आणि मित्रांमधून नाव गेलं, की मग उरतो तो नुसता आजारी माणूस. कौमुदीबाई तेवढ्यासाठीच झटत होत्या. त्यांनी पुढची कादंबरी उघडली.

डिसेंबर लागेपर्यंत बारावी कादंबरी वाचून झाली. त्या वर्षीची बैठक बाईंनी आपल्याच घरी बोलावली. कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा वास खोलीभर पसरला होता. नरहरींना खुर्चीत बसवलं होतं आणि मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर. प्रथेप्रमाणे अध्यक्षांनी सुरुवात केली. त्यांनी निवडली ती एका बंद पडलेल्या छापखान्याची कादंबरी. दोन भाऊ, छापखाना विकावा की नाही यावरून वाद. बाबाराव हात नाचवत रंगवून सांगत होते.

"आणि शेवटी, मंडळी, धाकटा भाऊच त्या छापखान्याले आग लावते!"

माझ्यावर टिचकी नाही, मूठ पडली. एकदा, दोनदा. माझ्या कडेचा एक टवका उडाला. नरहरींची मान ताठ झाली होती, चेहरा तांबडा.

"खो... खोटं!"

रूपालीच्या हातातलं ताट तिरकं झालं आणि एक वडी जमिनीवर घरंगळली.

"थोरला," नरहरी म्हणाले. घाम फुटला होता त्यांना. "थोरला."

"हो, थोरलाच लावते," कौमुदीबाई म्हणाल्या. "धाकटा तं त्या दिवशी गावातच नव्हता."

सगळे बाबारावांकडे बघू लागले. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "अर्धीच वाचली बे मी. बाकीची अंदाजानं." मग उठून त्यांनी नरहरींचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पुकारलं, "नरहरी, संकल्प पुरा! आणि माझं नाव काढा यंदा."

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. नरहरींचं बोलणं सगळं परत आलं नाही. थोडे शब्द आले, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालणं आलं. कौमुदीबाई आता त्या मंडळींत आहेत, एकट्या बाई, आणि उलटतपासणीत सगळ्यांना घाम फोडतात. रूपालीला मराठी पुस्तक अजून वाचवत नाही, पण दुपारी ती भाजी निवडायला मुद्दाम याच खोलीत बसते. बाबारावांची नजर अधू झाली. ते रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावला मुलीकडे राहतात आणि रविवारी रिक्षा करून येतात. येतात आणि ऐकतात.

माझा टवका कुणी चिकटवला नाही. तिथे कौमुदीबाईंचा अंगठा बरोबर बसतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काही कपाटावर पडलेलं असेल. त्याला खाली उतरवा, पुसा, त्याच्याकडून काम घ्या. शोभेला ठेवलेल्या लाकडाला वाळवी लवकर शोधते. आणि घरात कुणी माणूस भिंतीकडे तोंड करून पडला असेल, तर त्याच्या उशाशी बसून एखादी नवी गोष्ट वाचा. उत्तर लगेच येणार नाही. तुम्ही पान उलटा.