बाळ खांबेट्यांची रायफल-खरेदी

त्र्याहत्तराव्या वर्षीही ज्यांना सगळे बाळच म्हणतात, अशा माणसाने रायफल घ्यायची ठरवली तर लोक हसणारच. चँडलर या वाळवंटातल्या शहरातली मराठी मंडळी हसली. बाळ खांबेट्यांनी तीस वर्षं कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेली, घरात अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं, आणि हिंसेचा अनुभव म्हणाल तर पालीवर झाडू उगारण्यापलीकडे नाही. त्यांचे जुने मित्र डॉक्टर सुमंत तर म्हणाले, बाळ्या, या वयात माणसं जपमाळ घेतात. बाळ नुसते हसले. खरं कारण सांगायची त्यांची छाती नव्हती. त्यांना आपली मुलगी परत हवी होती, आणि तिच्यापर्यंत पोचायला दुसरी वाट त्यांना दिसत नव्हती.

मुलगी हरवली वगैरे नव्हती. ऋता चार तासांवर, डोंगरातल्या स्प्रिंगरव्हिल गावात राहते आणि राज्याच्या वन्यजीव खात्यात काम करते. वर्षभर हरणं मोजायची, दिवाळीच्या सुमारास रीतसर परवाना काढून त्यातलं एक मारायचं आणि ते वर्षभर पुरवून खायचं, असा तिचा शिरस्ता. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. आईशी वीस मिनिटं, बाबांशी चार. त्या चार मिनिटांत दोन्हीकडचं हवामान होतं, गाडीचं ऑइल होतं, आणि मग दोघंही "ओके देन" म्हणून मोकळे होतात.

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी ती बाबांशीच जास्त बोलायची आणि तिची आई, विनीताबाई, कुरकुरायच्या, की बापलेकीत माझं काय काम.

मग ती सहा वर्षांपूर्वीची दिवाळी आली. ऋताने पहिलंच हरीण मारलं होतं आणि ती डोंगरावरून तडक घरी आली होती. बुटांना चिखल, केसांत काटक्या, हातात बर्फाची पेटी. पेटीत एक पुडा होता आणि त्यावर तिने मार्करने "आई-बाबा" असं लिहिलं होतं. हे खाणार नाहीत, एवढं तिला कळत होतं. तरी आणला होता. संध्याकाळी लक्ष्मीपूजन, सहा वाजता पाहुणे येणार. बाळनी दारात तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी आंघोळ करून ये. त्याशिवाय देवाजवळ जाऊ नकोस."

प्रवासातून आलेल्या कुणालाही आपण हेच सांगितलं असतं, असं ते त्यानंतर सहा वर्षं स्वतःला बजावत आले. पण आवाज वेगळा लागला होता, आणि तो त्यांचा त्यांनाही ऐकू आला होता. ऋताने निमूट आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, अर्धी करंजी खाल्ली आणि पाहुणे यायच्या आत ती निघून गेली. पुन्हा दिवाळीला आली नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथे मिटवायला भांडणच नव्हतं.

या जानेवारीतल्या एका रविवारी ती सहज बोलून गेली, की तिच्याबरोबर शिकारीला येणारी इला आता कोलोरॅडोला गेली, त्यामुळे मागच्या वेळी ती एकटीच होती. "तीन दिवस बसले होते टेकडीवर. इट वॉज फाइन, बाबा." ते "फाइन" बाळना फार लागलं. पोर तीन दिवस एकटी टेकडीवर बसलेली त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. पुढच्या वेळी मी येऊ का, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. प्रत्यक्षात ते म्हणाले, "थंडी असेल ना तिकडे." फोन ठेवला, आणि कॉम्प्युटरवर एक तक्ता उघडला.

आता बाळ खांबेट्यांचा तक्ता म्हणजे काय, हे सांगायला हवं. या गृहस्थांनी डिशवॉशर घ्यायला अकरा महिने लावले होते. तेवढे दिवस विनीताबाई हाताने भांडी घासत होत्या. रायफलीचा तक्ता चौदा रकान्यांचा झाला. वजन, नळीची लांबी, किंमत, गोळ्यांची किंमत, खांद्याला बसणारा धक्का, सगळं त्यात. बोल्ट-ॲक्शन घ्यायची हे पहिल्याच आठवड्यात ठरलं. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा, तेव्हा दुसरी आत जाते. बिघडायला फारसं काही नाही, आणि घाईघाईत हातून काही होण्याचीही भीती नाही. हे त्यांच्या स्वभावाला धरून होतं.

घोडं अडलं ते काडतुसाशी. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मोठ्या काडतुसाचा धक्का सोसणार नव्हता. अगदी बारीक घ्यावं तर हरीण जखमी होऊन तडफडत पळणार, आणि ती कल्पनासुद्धा बाळना सहन होत नव्हती. म्हणजे मधल्या ताकदीचं हवं. मधल्यांतही दोन उरली. एक सेव्हन सिक्स्टी-टू, गोळ्या कुठेही मिळतात पण दीडशे यार्डांपुढे ते ढेपाळतं. दुसरं सिक्स पॉइंट फाइव्ह ग्रेंडेल, धक्का हलका, अडीचशे यार्डांपर्यंत भरवशाचं, पण गोळ्या महाग. मार्च गेला, एप्रिल गेला. बाळ इंटरनेटवर टेक्सासच्या, मोंटानाच्या अनोळखी माणसांना प्रश्न विचारत राहिले.

"ऋताला विचारा की," विनीताबाई एकदा वैतागून म्हणाल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

तिला सरप्राइज द्यायचंय, असं बाळ म्हणाले. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की तिने "नको बाबा, कशाला" म्हटलं असतं तर त्यांना पुढे काय करावं ते सुचलं नसतं. तक्त्यात राहिलं की निदान आशा राहते.

दुकानात ते चार वेळा जाऊन आले. काउंटरवर साठीची एक बाई होती, वाचायचा चष्मा गळ्यात साखळीला. पहिल्या दोन खेपांना तिने सगळं काढून दाखवलं. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, की कुणाबरोबर जाणार शिकारीला? बाळ म्हणाले, मुलीबरोबर. हे मोठ्याने म्हणायची ती पहिलीच वेळ होती, आणि म्हणताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. मुलगी कोणतं काडतूस वापरते, असं बाईने पुढे विचारलं. घरचे लोक बहुधा एकच घेतात, म्हणजे डोंगरात गोळ्या एकमेकांना देता येतात.

बाळना ठाऊक नव्हतं. चौदा रकाने भरले होते, पण स्वतःच्या मुलीच्या हातात कुठली रायफल असते हे त्यांना माहीत नव्हतं. विचारून सांगतो, असं म्हणून ते बाहेर पडले आणि बराच वेळ गाडीत एसी लावून बसून राहिले. त्या रविवारी फोन आला तेव्हा चँडलरमध्ये एकशे बारा डिग्री फॅरनहाइट होतं. तेच त्यांनी तिला सांगितलं.

अखेर ग्रेंडेल ठरलं. पण सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुट्टीचा सेल लागतो हे माहीत असताना जुलैत कोण घेईल? बाळ थांबले. सेलमध्ये दुर्बिणीसकट सहाशे डॉलरच्या आत मिळाली. फॉर्म भरला, नावावर काही गुन्हा नाही ना याची सरकारी तपासणी बारा मिनिटांत झाली. डिशवॉशरपेक्षा हे किती सोपं, असं त्यांना वाटून गेलं. मग सहा आठवडे ते नेमबाजीच्या सरकारी रेंजवर जाऊन शिकले. ऑक्टोबरच्या मध्याला शंभर यार्डांवरच्या बशीएवढ्या कागदात पाचांतल्या चार गोळ्या बसू लागल्या. खांदा दुखत नव्हता. ते आनंदात होते, आणि या वयातला आनंद लपत नाही.

ऋताची शिकार शुक्रवारी सुरू व्हायची होती, हे त्यांनी विनीताबाईंकडून काढून घेतलं होतं. गुरुवारी सकाळी ते एकटेच निघाले. हे तुमचं तुम्हीच निस्तरा, असं म्हणून विनीताबाईंनी चिवड्याचा डबा तेवढा दिला. ग्लोब गाव गेलं, सॉल्ट नदीची दरी गेली, निवडुंग संपून पाइन सुरू झाले. तिला काय म्हणायचं याची चार तास उजळणी झाली.

ऋता अंगणात पाण्याचे कॅन भरत होती. बाबांना पाहून ती घाबरलीच. आई ठीक आहे ना, हा पहिला प्रश्न. आई ठीक आहे म्हटल्यावर तिची नजर त्यांच्या हातातल्या लांब पेटीवर गेली. बाळनी तिथेच, उभ्या उभ्या, तोंडी परीक्षा असल्यासारखं सगळं सांगून टाकलं. उद्या तुझ्याबरोबर येतोय, ही रायफल, हे काडतूस, खांद्यामुळे हलकं घेतलं. ऋताने पेटी आत नेऊन टेबलावर उघडली आणि बोल्ट मागे ओढून आत गोळी नाही याची खात्री केली.

"बाबा, तुझा टॅग कुठाय?"

टॅग हा शब्द बाळनी शंभर ठिकाणी वाचला होता. मासेमारीच्या परवान्यासारखा तो आदल्या दिवशी खिडकीवर मिळतो, अशी त्यांची समजूत होती. ऋताने हळूहळू सांगितलं. हरणांचे परवाने मोजके असतात. जूनच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा, मग सोडत निघते, नाव लागलं तर टॅग येतो. एका टॅगवर एक हरीण, ज्याचं त्यानेच मारायचं. उरलेसुरलेही उन्हाळ्यात संपतात. जूनच्या सुरुवातीला बाळ सोळा इंची नळी आणि वीस इंची नळी यांची तुलना करत होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि त्या घोड्याची निवड मात्र चोख झाली होती.

बाळ खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. मी थोड्या वेळाने निघतो, तुझी तयारी चालू दे, असं काहीतरी पुटपुटले.

"हे कधीपासून चाललंय?" ऋताने विचारलं.

"जानेवारीपासून."

"जानेवारी?" ती समोर बसली. "दर रविवारी आपण वेदर बोलत होतो, बाबा. दर रविवारी. मला का नाही विचारलंस?"

"तू नको म्हणाली असतीस तर?"

टेबलाकडे बघतच ती म्हणाली, "एका ॲप्लिकेशनवर चार नावं टाकता येतात. ग्रुप म्हणून. नाव लागलं तर सगळ्यांचं लागतं. दर जूनला मी तो फॉर्म उघडते, आणि तुला फोन करायचा म्हणून दोन-तीन दिवस तसाच ठेवते."

बाळनी चार तास केलेली उजळणी कुठल्या कुठे गेली आणि सहा वर्षं आत साठलेलं तेवढं राहिलं.

"त्या दिवशी मी चुकलो," ते म्हणाले. "आंघोळ कर म्हणालो, ते. तू एवढी आनंदात आली होतीस आणि मी तुला दारात थांबवलं."

"हो," ऋता म्हणाली. "थांबवलंस." तिने डोळे पुसले, ते लपवलंही नाही. मग रायफल उचलून त्यांच्या हातात दिली. उद्या बरोबर यायचं, ही इथेच राहील, तू नुसतं माझ्याशेजारी बसायचं, असं तिने सांगितलं. तिची स्वतःची रायफल तीनशे आठच्या काडतुसाची होती, बरीच दांडगी. पण त्यांच्या खांद्याला हीच बरोबर, असं ती म्हणाली. कुणी डिग्री दिली असती तरी बाळना एवढं बरं वाटलं नसतं.

"ही कितपत लांब जाते गं?" त्यांनी विचारलं.

ऋता खुर्ची ओढून जवळ बसली. एक पाय वर घेऊन, लहानपणी गणित समजावून घ्यायला बसायची तशी. हातवारे करत, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी, ती सांगू लागली. गोळी सरळ जात नाही, हळूहळू खाली येते. दोनशे यार्डांवर किती इंच खाली येईल तेही तिने सांगितलं, आणि तो आकडा इंचभर चुकला. बाळना बरोबर आकडा तोंडपाठ होता. चुकलेला आकडा दुरुस्त केल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं, बायकोला नाही, साहेबाला नाही.

"अच्छा," ते म्हणाले. "आणि वारा असला तर?"