तिसरा ठोका

वहिनी पुढच्या जागेवर नीट बसली तसा धाकट्याने मागून जोर लावला, आणि वाळूवर घासत दोघांची चिंचोळी होडी, कयाक, पाण्यात सुटली. ती एका अंगाला कलली, तोच तोही उडी मारून मागे बसला.

“भाऊजी, बुडवाल मला,” वहिनी म्हणाली आणि लगेच आपलं वल्हं मारू लागली.

थोरल्या भावाला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभरात धाकट्याने त्या घराची पायरी चढली नव्हती. कधी काम, कधी पाठदुखी, कधी बिघडलेली गाडी, असे बहाणे पुढे करत आला होता. परवा वहिनीचाच फोन आला. ती जागा मला एकदा दाखवा, एवढंच म्हणाली. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

दोघे भाऊ सुट्टीच्या सकाळी आपापल्या कयाकमधून मासे धरायला जायचे. पाण्यावर हाका मारायच्या नाहीत, मासे बिथरतात, हा थोरल्याचा नियम. म्हणून वल्ह्याने कयाकवर ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे ठीक आहे, तीन म्हणजे ये. पण थोरल्याला भारी हौस. वीतभर मासा लागला तरी तीन ठोके, आणि धाकटा धापा टाकत पोचला की मासा उंच धरून हा आपला खदाखदा हसणार.

अलीकडे धाकटा सगळंच मोजायचा. दारावरची टकटक, नळाचं ठिबकणं, शेजारच्या सुताराचा हातोडा. आवाज दोनवर थांबला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. बरेचदा तो थांबत नसे.

प्रवाळाच्या खडकांपलीकडे हिरवं पाणी एकदम गडद निळं होतं. तिथे त्याने वल्हं मांडीवर घेतलं.

“इथंच.”

वहिनीने हात पाण्यात बुडवला. पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होतं. एक लाट कयाकच्या बुडावर थडकली. मग दुसरी. तो श्वास रोखून बसला. तिसरी आलीच.

“वहिनी, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “मला काही ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ऐकलं होतं मी. तीन ठोके. पण माझ्या गळाला मोठा मासा होता. म्हटलं, दादा काहीतरी दाखवायला बोलावतोय, हा ओढून घेतो आणि जातो. गेलो तेव्हा त्याची कयाक उलटी झाली होती.”

वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मानेवर घामाने केस चिकटले होते.

“तो मासा म्हणजे,” तिने विचारलं, “तुम्ही पेटीतून आणलात तोच?”

त्या दिवशी तिला सांगायला धावत गेला तेव्हा बर्फाची पेटी त्याच्या हातातच राहिली होती. ती ओट्यावर टेकवून तो पुन्हा शोधायला पळाला. नंतर पेटीची आठवणही झाली नव्हती.

“तोच.”

“मला वाटलं, ह्यांनी पकडलेला.” तिचा आवाज अगदी साधा होता. “तुम्ही सगळे शोधत होतात. मी तो साफ केला, मीठ लावून फ्रीझरमध्ये ठेवला. म्हटलं, येतील तेव्हा भुकेले असतील. तिसऱ्या दिवशी ह्यांना आणलं, तरी मला तो टाकवेना. महिनाभराने लेकीला वाढला. तिला म्हटलं, बाबांनी जाताना तुझ्यासाठी ठेवलाय, काटे बघून खा.”

वर्षभर धाकट्याने तिच्या शिव्याशाप ऐकायची तयारी केली होती, याची नाही.

“तुम्ही लगेच गेला असतात तर काय झालं असतं, देव जाणे,” ती म्हणाली. “पण माशाचं तिला सांगू नका. अजून ती सगळ्यांना सांगत असते.”

त्याने मान हलवली. तिला ते दिसलं नसणार हे लक्षात आल्यावर तो म्हणाला, “नाही सांगणार.”

“तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, भाऊजी.” तिने वल्हं उचललं. “वर्षभर घरी आला नाहीत ना? तसंच चालू द्या.”